पार्सलाची पोच

स्टुटगार्ट, रविवार, दुपारी, वरणाच्या दुसऱ्या शिट्टीनंतर

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांस,


काल रात्री आईने घाबऱ्या आवाजात 'पार्सल पोचलं म्हणतोस, मग असा मेल्यासारखा काय बोलतोस रे बाप्पा?' असे जे विचारले, त्याचे खरे उत्तर सूनबाई शेजारी उभी असल्यामुळे तेव्हा देता आले नाही. ती आता पोरीला घेऊन बागेत गेली आहे, म्हणून लिहितो. गोरसपाकाचा चुरा झाला तरी चव शाबूत आहे, सरगुंडे सुखरूप आहेत, आणि नानांच्या खादीच्या पंच्यात गुंडाळलेला पितळी बत्ता तर इतका सुखरूप आहे की, मी खोके उचलताच तळ फाडून तो घरमालकीणबाईंच्या ओकच्या मेजावर, आडवा नव्हे, उभा पडला. पार्सलाची पोच म्हणून मेजाला रुपयाएवढा पोचा पडला. खल वजनात बसेना म्हणून तुम्ही मागे ठेवलात.

हे घर सामानासकट भाड्याचे. येथील कायद्याप्रमाणे तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत अनामत घेता येते आणि ती पूर्ण तीन महिन्यांची आमच्याकडून घेतलेली आहे. शिवाय घरात शिरताना प्रत्येक वस्तूचा असा पंचनामा झाला होता की, बाबा, तुमच्या तहसील कचेरीतल्या अव्वल कारकुनानेही पागोटे काढून ठेवावे. सुताराला फोन केला, तर नुसते येऊन पाहण्याचे त्याने ९० युरो सांगितले. रुपये तुम्हीच करा. मात्र आधी आईला खाली बसवा.

बरे, स्वतःच रंधा-कानस घेऊन बसावे, तर आज रविवार! या देशाच्या राज्यघटनेच्या १४० व्या कलमाने १९१९ सालच्या घटनेचे १३९ वे कलम जसेच्या तसे उचलून कायम केले असून, त्यान्वये रविवार हा विश्रांतीचा आणि आत्मिक उन्नतीचा दिवस म्हणून संरक्षित आहे. खिळा ठोकणे, भोक पाडणे, इतकेच काय, रिकामी बाटली काच गोळा करण्याच्या पेटीत टाकणे, या साऱ्याने शेजाऱ्याच्या उन्नतीत व्यत्यय येतो. गेल्या महिन्यात मी पाट्यावर शेंगदाण्याचे कूट करीत होतो, तेव्हा खालच्या आजोबांनी वर येऊन अत्यंत अदबीने घड्याळ दाखविले. आपल्या आर्वीत रविवारी सकाळी भोंगा, गिरणी, शेजारच्या काकूंचे धुणे आणि तुमचे खाकरणे यांतच ज्याची उन्नती झाली, त्या माझ्यासारख्याने या शांततेत काय करावे?

तेव्हा अचानक आठवले की, आपल्या ओट्यावर सुतारकाका कोळशाच्या इस्त्रीने जे करीत, त्याला आवाज मुळीच नसतो. पोच्यात लाकूड नाहीसे झालेले नसते. त्याचे तंतू दबून चपटे झालेले असतात, आणि पाणी व ऊब मिळाली की ते फुगून वर येतात. मेज नुसते तेल पाजलेले होते, हे माझे नशीब; रोगण असते तर पाणी आत न शिरता वर पांढरा डाग उमटला असता. बत्त्याचाच पंचा भिजवून, पिळून, घडी करून पोच्यावर ठेवला आणि तापलेली इस्त्री काही सेकंद टेकवून उचलली. सूत शुद्ध म्हणून बरे. नायलॉनचे फडके मेजालाच चिकटले असते. ओल्या ओकला लोखंड लागले तर काळा डाग पडतो, म्हणून घडी जाड ठेवली. चार वेळा हेच केले, आणि पोचा भरून आला. आता वाळला की उद्या बारीक पॉलिश कागद आणि थोडे तेल.

पहिली वाफ निघाली तेव्हा ओल्या लाकडाचा आणि भाजल्या सुताचा वास आला, आणि मृगाच्या सरीत अंगणात राहिलेला दिवाण आपण चौघांनी ओढत पडवीत आणला होता, ती संध्याकाळ डोळ्यांपुढे उभी राहिली. शिट्ट्या किती झाल्या ते विसरलो. वरण करपले आहे.

आता तुमच्या पत्राविषयी. नानांचा तो सागवानी दिवाण भंगारात देऊन आपला बंडू स्वतःच्या लग्नासाठी प्लायवूडचा पलंग घेणार म्हणतो, याला माझा लेखी उजर आहे. पोचे हे कारण असेल, तर कृती वर दिलीच आहे. सागात तेल असते, पाणी सावकाश जिरते, म्हणून चारऐवजी सात-आठ वेळा करा. प्लायवूडवर मात्र हा प्रयोग कराल तर वरचा पापुद्रा सुटेल. दिवाणाच्या उजव्या हातावर नाना अडकित्ता आपटीत, तेथील खाचेच्या वाटेस जाऊ नका; तेथील तंतू दबलेले नाहीत, कापलेले आहेत, ते वाफेने येत नाहीत. आत्याचा गुडघा कसा आहे? आणि भिंतीच्या मोजणीला शेजारी यंदा तरी हजर राहिले का, ते बाबांनी सविस्तर कळवावे.

आपला आज्ञाधारक,
मधू

ता. क. — सूनबाई परत आली. मेजावर हात फिरवून काही बोलली नाही. खल इतक्यात पाठवू नये.