भडंगाची पोच आणि नानांचं घड्याळ

दुबई, शनिवार सकाळ

ती. आईस,


भडंग पोचलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी स्वतःच्या बॅगेतून आणलं. फक्त मेतकुटाची पुडी वाटेत फुटली, त्यामुळे त्यांच्या साहेबांचे ऑफिसचे शर्ट आता आठवडाभर खमंग राहतील. पुढच्या वेळी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

नानांची चिठ्ठी त्याच पुडीला चिकटलेली सापडली. 'रोलेक्स १ नग, पंधरा हजारांच्या आत. मनीच्या पाटल्या ४ तोळे. घासाघीस मी स्वतः करीन.' तुझे जावई खो खो हसले, आणि मग एकदम गप्प झाले. का, ते तुला ठाऊक आहे. बँकॉक.

त्यात काल रात्री बाबांचा फोन. 'तिकडे सोन्याच्या नावाखाली पितळ गळ्यात मारतात म्हणे!' बाबांना म्हणावं, झोपा निवांत. कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत सगळं लिहिते.

इथल्या गोल्ड सूकमध्ये सोन्याचा भाव पाटीवर असतो. दिवसातून दोन-तीनदा बदलतो, पण सगळ्या दुकानांत तोच. त्यावर घासाघीस करणं म्हणजे एसटीच्या तिकिटावर करण्यासारखं. नानांनी आपली जीभ मजुरीसाठी राखून ठेवावी. मजुरीचा पहिला आकडा म्हणजे नुसता रामराम असतो. २२ कॅरटवर ९१६ चा शिक्का बघायचा. बिलावर सोन्याचं वजन, खड्यांचं वजन आणि मजुरी वेगवेगळी मांडून घ्यायची. फसगत पितळात होत नाही गं, खड्यांत होते. काच तोलायची आणि सोन्याचा भाव लावायचा. म्हणून पाटल्या साध्याच. मनीच्या सासूबाईंना खडेच हवे असतील तर त्यांनी स्वतः यावं, मी चहा करीन.

आता तो नियम, ज्याने माझं डोकं उठतं. १ जानेवारी २०१८ पासून इथे ५ टक्के व्हॅट आहे. पाहुण्यांना त्यातला बराचसा परत मिळतो, इथे राहणाऱ्यांना दमडी नाही. म्हणजे मी भाडं भरायचं, वीज भरायची, कर भरायचा आणि नानांनी आठ दिवस माझ्याकडे जेवून तो परत न्यायचा! हिशोब असा: दहा हजार दिरहमच्या खरेदीवर कर ५००. त्याचे ८५ टक्के परत, म्हणजे ४२५. त्यातून पावतीमागे ४ दिरहम ८० फिल्स कापतात. हे ४ दिरहम ८० फिल्स नाना सोडणार नाहीत. विमान सुटलं तरी ते त्या खिडकीशी उभे असतील. शिवाय खरेदीच्या वेळी पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि नाना पासपोर्ट ठेवतात बंडीच्या आतल्या खिशात, वर सेफ्टी पिन. भर बाजारात सदरा काढायची वेळ येणार. आणि बॅगा विमानात देण्याआधी ती खरेदी तपासून घ्यायची. बॅग गेली की पैसे गेले.

हे झालं इथलं. मुंबईला उतरल्यावर दुसरं. वर्षाहून जास्त परदेशात राहून परतणाऱ्या बाईला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅम दागिने शुल्काशिवाय नेता येतात. नाना येणार आठ दिवसांसाठी, त्यांना यातला एक ग्रॅमही लागू नाही. लाल मार्गाने जायचं, सांगायचं, शुल्क भरायचं. 'अंगावर घातलं की कुणी विचारत नाही' हे दादाच्या मित्राचं शास्त्र कृपा करून ऐकू नका. चार तोळ्यांच्या पाटल्या घालून नाना हिरव्या मार्गाने निघालेत, हे चित्र मला झोपू देत नाही.

शिट्टी झाली. वरणाला फोडणी देऊन आले.

रोलेक्स. करामाच्या बाजारात माणूस शेजारून चालता चालता कानात कुजबुजतो, 'कॉपी वॉच, मॅडम, एकदम ओरिजिनल कॉपी.' ओरिजिनल कॉपी! मग मागच्या जिन्याने वरच्या खोलीत नेतात. नाना म्हणतील, मी काट्यावरून ओळखतो. बहुतेक खऱ्या रोलेक्सचा सेकंदकाटा सेकंदाला आठ पावलं टाकतो, म्हणून सरकल्यासारखा दिसतो. पण चांगल्या नकलेचाही सरकतो! खरं घड्याळ अधिकृत विक्रेत्याकडे मिळतं, अनुक्रमांक आणि वॉरंटी कार्डासह, आणि ते लाखांत जातं. पंधरा हजारांत त्याचा पट्टा आला तरी नशीब.

आता बँकॉकचं, कारण बाबांना अर्धंच माहीत आहे. राजवाड्याच्या भिंतीशी कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक भला गृहस्थ भेटला. 'आज पूजा आहे, वाडा दुपारनंतर उघडेल.' मागच्या दारातून लोक आत जाताना मला दिसत होते. तसं म्हटलं, तर तुझे जावई म्हणाले, 'तू जरा थांब.' त्या गृहस्थाने वीस बाटमध्ये टुकटुक ठरवून दिली. वाटेतल्या देवळात आणखी एक सज्जन, अगदी योगायोगाने. सरकारी सवलत आजच संपते म्हणाला. तिथून थेट दुकान, थंडगार सरबत, निळे खडे. सासूबाईंनी साडेसातीसाठी नीलम सुचवला होताच. बारा हजार बाट! खरं तर साडेसाती तिथून सुरू झाली. राजवाडा साडेआठपासून उघडा होता, आणि टूरिस्ट पोलिसांचा ११५५ हा नंबर मी विमानात बसल्यावर पाठ केला.

मे महिन्यात आम्ही तो खडा सांगलीच्या सराफ कट्ट्यावर अण्णांकडे नेला, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. अण्णांनी भिंग लावलं आणि मलाही बघायला लावलं. 'आत रेघा वळलेल्या दिसतात? जमिनीतल्या नीलमात त्या सरळ असतात. हा भट्टीतला, पोरी.' हसले नाहीत. पैसे घेतले नाहीत, चहा मागवला. मग माझ्या बोटातल्या अंगठीकडे बघून म्हणाले, 'ही तुझ्या आजीचे गोठ मोडले तेव्हाची ना?' आई, मला रस्त्यावर येऊन रडू आलं. इथे माझं सोनं तोलणारे शंभर आहेत, ओळखणारा एक नाही.

अण्णांना उद्या आयर्विन पुलावर आपल्याला तोंड दाखवायचं असतं. प्रवासातल्या दुकानदाराला नसतं, आणि हे आपल्यापेक्षा त्याला जास्त चांगलं कळतं. म्हणून मनीच्या पाटल्या अण्णांकडेच घडवा. आमचा आहेर मी पैशांनी पाठवते.

बाकी, आपल्या वहिनीने केस कापले तर कापू देत, तू फोटो मागवून सुस्कारे टाकू नकोस. शेजारच्या काकूंनी बंगला विकला हे वाचून वाईट वाटलं, पण आपल्या दोन पातेल्या आणि खलबत्ता आधी परत आण. दादाने घेतलेली गाडी तरी धड निघावी, एवढंच.

नानांना सांग, जुनं एचएमटीच घालून या. पट्टा मी नवा बसवून देते. आणि इथे उतरल्यावर त्यांनी काटे फिरवू नयेत. आठ दिवस घरात एक घड्याळ दीड तास पुढे, सांगलीच्या वेळेवर चालू दे.

मेतकूट या वेळी डब्यात पाठव. झाकण घट्ट लाव.

तुझी,
ठकी