फळा स्मार्ट, फोन साधा

लातुरात लेकराला शिकवणी लावायला आलेला बाप आधी विचारतो, "वर्गात स्मार्ट बोर्ड आहे का?" आहे म्हटलं की खूश. मग तोच बाप बाजारात जाऊन लेकराला बटणांचा फोन घेऊन देतो, कारण स्मार्टफोननं पोरगं बिघडतं. फळा हुशार हवा, फोन मात्र बिनडोक.

नांदेड जिल्ह्यातल्या एका शाळेत (नाव कशाला सांगू, गुरुजींची बदली व्हायची) डिजिटल पॅनेल बघितलं. काचेवरचं प्लास्टिक तसंच, वर गुलाबी टॉवेल, कोपऱ्याला उद्घाटनाच्या हाराचा दोरा. गुरुजी शेजारच्या काळ्या फळ्यावर भागाकार घेत होते. "लाईट आली की लावतो," म्हणाले. लाईट आली, तर लॉगिनचा ओटीपी गेला जुन्या मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर. ते रिटायर होऊन वर्ष झालं.

राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या नावाबरोबर 'लातूर पॅटर्न' गाजला, तेव्हा तंत्रज्ञान म्हणजे खडू. सराव परीक्षा, चुकलं की पुन्हा सराव परीक्षा. आता तेच प्रश्न ॲपवर येतात आणि मार्क पोराच्या आधी बापाला कळतात. प्रगती ती हीच!

आणि वैद्यकीय प्रवेशाच्या ज्या 'नीट' परीक्षेसाठी हा सगळा खटाटोप, ती 2025 सालीही कागदावरच झाली. 180 प्रश्न, बॉलपेननं गोळे रंगवा. म्हणून सर भल्यामोठ्या टचस्क्रीनवर बोटानं एक गोल काढतात आणि पोरांना बजावतात, "शाई बाहेर जाऊ द्यायची नाही."