जयपूर – पुष्कर, मार्गे सांभर

मोटारसायकल बाळगणाऱ्याला कुठे जायचं हा प्रश्न कधी पडत नाही. घरात काय सांगून निघायचं, हा पडतो. चारचाकीवाला 'जरा चक्कर मारून येतो' म्हणाला तर कोणी मान वर करत नाही. फटफटीवाला म्हणाला की घरातले एकमेकांकडे बघतात. म्हणून आमच्या जमातीने खाण्याचं निमित्त शोधून काढलं. पुण्याची मंडळी मिसळीसाठी घाट उतरतात, बंगळुरूची तट्टे इडलीसाठी बिडदी गाठतात. मी नोकरीपायी जयपुरात आहे, तेव्हा ब्रेड आणायला पुष्करला जातो. आडवाटेने दीडशेच्या आसपास किलोमीटर. जयपुरात बेकऱ्या नाहीत असं नव्हे. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच एक आहे आणि तिचा ब्रेड उत्तम असतो. पण चपला घालून पाच मिनिटांत आणता येणारा ब्रेड माझ्या काय कामाचा?

पौषात साताऱ्याहून मामा आले. मामा म्हणजे एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. 1948 च्या 1 जूनला पुणे-नगर अशी एस.टी.ची पहिली बस धावली आणि त्यानंतर चारच वर्षांनी मामा जन्मले; हा क्रम योगायोगाने लागला असं ते मानत नाहीत. सगळी नोकरी त्यांनी डेपोच्या कॅन्टीनमधल्या ऑम्लेट-पावावर काढली. इथे आमचे घरमालक जैन. आमच्याकडे अंडं हा शब्दही फ्रीज उघडून, आत तोंड घालून उच्चारतात. चार दिवस पोहे, उपमा आणि कचोरी यांच्या फेऱ्यात फिरल्यावर मामांच्या कानावर 'बेकरी' हा शब्द पडला आणि ते म्हणाले, "मी पण येणार."

पुष्करच्या बेकरीची एक गोष्ट मला तेव्हाच सांगता आली असती. पण सत्तरी ओलांडलेला माणूस दीडशे किलोमीटर मागे बसायला उत्साहाने तयार होतो, तेव्हा त्याला सगळीच माहिती एकदम देऊ नये.

पहाटे निघालो. मामांनी कानटोपी, त्यावर मफलर, त्यावर हेल्मेट असा बंदोबस्त केला होता. बसता बसता त्यांनी नियम सांगितला. "मागनं बोललेलं तुला ऐकू यायचं नाही. खांद्यावर एकदा थाप म्हणजे थांब. दोनदा म्हणजे चल." थोडक्यात, सिंगल बेल आणि डबल बेल. अर्धं आयुष्य दोरी ओढून गेलेल्या हाताला दुसरी भाषा येत नव्हती. योजना चोख होती, पण तिच्यात कालवाड रोडचा विचार केलेला नव्हता. झोटवाडा सोडून बाहेर पडलं की या रस्त्यावर गतिरोधक येतात, आणि ते पाटी, पट्टा, रंग यांपैकी कशाचाही आधार न घेता येतात. प्रत्येक गतिरोधकावर मामांचा हात एकदा उडून खांद्यावर पडे. मी थांबे. "का थांबलास?" "बेल दिलीत." "ती मी नाही, रस्त्यानं दिली." पुढे थंडीने मामा कुडकुडायला लागले आणि माझ्या खांद्यावर इतक्या बेला होऊ लागल्या की मी त्यांचा अर्थ लावणं सोडून दिलं.

दोन्हीकडे मोहरी फुललेली. धुक्यातून आधी उंटाची मान दिसते, मग गाडा, मग गाड्यावर घोंगडीत झोपलेला मालक. उंटाला रस्ता पाठ असतो. मामा या गोष्टीवर फार खूश झाले. ड्रायव्हर झोपलेला असतानाही वेळेवर पोचणारी गाडी त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

जोबनेरला चहा प्यायलो. तिथे मी त्यांना इतिहास सांगितला. 1751 च्या जानेवारीत जयाप्पा शिंदे आणि मल्हारराव होळकर यांच्या फौजा जयपूरबाहेर पडल्या होत्या. नव्याने वसवलेलं देखणं शहर आणि तिथली देवळं बघायला म्हणून छावणीतले लोक आत गेले आणि खंडणीला कावलेले जयपूरकर त्यांच्यावर उलटले. वेशी बंद झाल्या, हजारो मराठे मारले गेले. मामा बराच वेळ कपाकडे बघत राहिले. "हे तू मला हवामहल दाखवायच्या आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, शहर सुटल्यावरच सांगायचं ठरवलं होतं. आपली माणसं या वाटांवर चौथाई वसूल करत हिंडली. आता त्याच मुलखात आम्ही दोघं एका बुलेटवर, पैसे मोजून ब्रेड आणायला निघालो होतो. मामांना हा उतार फार लागला. चहावाल्याने सुटे नाहीत म्हणून दोन रुपये कमी परत दिले, ते मात्र त्यांनी वसूल केलेच.

फुलेरा ओलांडलं की सांभर. तलाव आधी नाकाला कळतो, मग डोळ्यांना. खारट, किंचित कुजका वारा येतो आणि मग जमीन पांढरी होत जाते. जयपूर आणि जोधपूर या दोन्ही संस्थानांचा यावर सामायिक हक्क होता. 1870 मध्ये इंग्रजांनी दोघांकडून तो भाडेपट्ट्याने घेतला आणि मिठाचा धंदा हाती ठेवला. कुठे कुठे क्याऱ्यांतलं पाणी गुलाबी दिसतं. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं, "अंडी घालत असतील ना?" म्हणाले आणि पुढचा बराच वेळ काही बोलले नाहीत.

बोलले ते सांभरच्या बाजारात. फीणी संक्रांतीच्या सुमारास सगळ्या जयपुरात विकतात, पण नाव घेतात ते सांभरचं. दुकानाच्या पुढच्या भागातच कारागीर बसला होता. मैद्याचा मऊ, तुपात मळलेला गोळा. त्याला मधोमध भोक पाडून त्याने कडं केलं. कडं दोन्ही हातांनी ओढत मोठं केलं, पीळ देऊन दुहेरी केलं, पुन्हा ओढलं, पुन्हा दुहेरी केलं. प्रत्येक वेळी मध्ये तुपाचा हात फिरायचा, म्हणजे पदर एकमेकांना चिकटत नाहीत. हिशेब साधा आहे: दर वेळी दुप्पट. दहा घड्या झाल्या की एका कड्याचे हजारावर धागे. मग तो लहान लहान तुकडे तोडून तुपात सोडतो आणि झाऱ्याने वरून तूप उडवत राहतो. तुकडा कढईत फुलत जातो, धागे सुटे होतात, पण एकही दुसऱ्याला सोडून जात नाही. मामा उभे होते ते उकिडवे बसले. कारागीर मान वर न करता म्हणाला, "साहब, चखो."

मामांनी चाखली. "ही तर सुतरफेणी! चल, झालं आपलं काम. परत फिरू."

मी म्हटलं, अजून निम्मी वाट बाकी आहे. मामांनी तिकीट फाटल्यावर पैसे परत मिळत नाहीत, हा नियम आठवून स्वतःची समजूत घातली आणि अर्धा किलो फीणी डिकीत टाकली. पुढच्या खड्ड्यांत तिचं काय होणार याची मला कल्पना होती, पण मामांच्या चेहऱ्यावर तेव्हा फार समाधान होतं.

नरैना आलं. दादू दयाळांनी इथेच देह ठेवला, 1603 मध्ये. दादूपंथाची मुख्य गादी इथली. आम्ही दादूद्वाराला बाहेरूनच हात जोडले. मामांना आता फक्त बेकरी दिसत होती. रूपनगढच्या अलीकडे मागच्या चाकातली हवा कमी वाटली म्हणून एका टपरीवर थांबलो. भिंतीवर फोटो होता: झेंडूचा हार घातलेली बुलेट आणि शेजारी फेटेवाला तरुण. ओम बन्ना. पाली-जोधपूर रस्त्यावर 1988 साली त्यांचा अपघात झाला. गाडी पोलिसांनी ठाण्यात नेली, तर सकाळी ती पुन्हा अपघाताच्या जागी उभी. साखळीने बांधली, पेट्रोल काढलं, तरी तेच, अशी गोष्ट सांगतात. आता तिथे त्या बुलेटचं देऊळ आहे आणि येणारे-जाणारे ड्रायव्हर नवस बोलतात. मामांनी मनापासून हात जोडले. म्हणाले, "आमच्या गाड्या अशा आपल्या आपण डेपोत परत आल्या असत्या, तर वल्हवनच्या वळणावर मी तीन रात्री काढल्या नसत्या." पंक्चरवाल्याला यातलं काही कळलं नाही, पण भक्त ओळखून त्याने हवेचे पैसे घेतले नाहीत.

पुष्करला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. घाटावर जाऊन पाय धुतले. जयाप्पा 1755 मध्ये नागोरच्या वेढ्यात दग्याने मारले गेले. त्यांच्या अस्थींवर पुष्करला सुंदर छत्री असल्याचं राजस्थानचा इतिहास लिहिणाऱ्या टॉडने लिहून ठेवलं आहे, आणि अहिल्याबाईंच्या बांधकामाचंही. अजमेर तर 1818 पर्यंत शिंद्यांकडेच होतं. हे सगळं ऐकून मामांची छाती थोडी फुगली आणि ती फुगलेली छाती घेऊनच ते बेकरीत शिरले.

पुष्करच्या बेकऱ्या परदेशी भटक्यांनी घडवल्या. कोणी इथे महिनोन्‌महिने राहिला, त्याला घरचा ब्रेड आठवला, त्याने कोणा पोराला शिकवला. पोराने दुकान टाकलं. फळ्यावर इंग्रजी आणि त्याखाली हिब्रू, कारण इस्रायली तरुण सैन्यातली नोकरी संपली की इकडे फार येतात. मामा त्या हिब्रूसमोर चष्मा वर-खाली करत उभे राहिले.

"ही मोडी का रे? शिंद्यांच्या वेळची असेल."

मी म्हटलं, असेल. 

काचेमागे दालचिनीचे रोल, केळ्याचा केक, गव्हाचा जाड पाठीचा ब्रेड. कोपऱ्यात एका घमेल्यावर घडी करून रजई पांघरलेली होती, सांगानेरी बुट्ट्यांची. मामांना वाटलं खाली पोर झोपलंय. ते पीठ होतं. थंडीत यीस्ट आळसावतं, पीठ फुगायला दुप्पट वेळ लागतो, म्हणून त्याला ऊब. "तुझ्याकडे मला अंगावर सोलापुरी चादर," मामा मला म्हणाले, "आणि याला जयपुरी रजई." मग काउंटरकडे वळून, चाळीस वर्षांचा सराव असलेल्या आवाजात, "दो ऑम्लेट-पाव देना."

पोरगा आधी मामांकडे, मग रस्त्याकडे बघायला लागला, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून. "बाबूजी, ये पुष्कर है. ब्रह्माजी की नगरी. यहाँ अंडा नहीं चलता."

मामा माझ्याकडे वळले. मी रजईवरच्या बुट्ट्या मोजत होतो.

"मग केक?" त्यांनी विचारलं. केकमध्येही नाही. पोराने मोकळेपणाने सगळं सांगितलं. अंड्याचं काम दोन प्रकारचं, फुगवायचं आणि धरून ठेवायचं. फुगवायला दही आणि खायचा सोडा. दह्याच्या आंबटपणाने सोड्यातून वायू सुटतो, तो पिठात अडकतो. धरून ठेवायला पिकलेलं केळं नाहीतर आटवलेलं दूध. मात्र मिश्रण केलं की लगेच भट्टीत घालायचं, रेंगाळलात तर वायू उडून जातो आणि केक बसतो. मामांनी केळ्याच्या केकचा तुकडा अविश्वासाने तोंडात टाकला. नंतर दुसरा टाकला, तो चवीने. मग त्यांनी एक अख्खा केक, चार रोल आणि दोन ब्रेड बांधून घेतले, पैसे मला द्यायला लावले, आणि समोर राजस्थान रोडवेजची बस उभी होती तिच्या कंडक्टरशी पाच मिनिटं काहीतरी बोलले. ते बोलणं कुठल्या भाषेत झालं हे मला कळलं नाही. पण परतीच्या प्रवासात मामा सगळ्या पिशव्यांसह त्या बसमध्ये पुढच्या सीटवर होते आणि मी किशनगढच्या सहापदरी रस्त्यावर ट्रकांच्या धुरात, रिकाम्या डिकीसह.

रिकामी म्हणणं बरोबर नाही. फीणी होती. तिची आता बारीक शेवई झाली होती.

घरी पोचलो तेव्हा मामा गरम पाण्यात पाय सोडून बसले होते आणि फोनवर मामी होत्या. मामी माळकरी. मामांनी उभ्या नोकरीत महाबळेश्वरच्या ड्युटीवरून केक आणले आणि त्यात अंडं नाही असं दर वेळी देवाशपथ सांगितलं.

"अगं, खरंच नव्हतं," मामा सांगत होते. "गावातच चालत नाही. दही घालतात."

पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग मामींचा आवाज आला, "तुम्ही फोन भाच्याकडे द्या."

मी फोन घेतला. मी सगळं सांगितलं: पुष्कर, ब्रह्मदेव, दही, सोडा, केळं.

"हे बघ," मामी म्हणाल्या, "अंडं नाही म्हणायचे तिथपर्यंत मी कधी काही बोलले नाही. पण आता त्यांना हे दही-बिही कोणी शिकवलं? तूच ना?"