पंचेचाळीस कमी पडले म्हणून!

ऐकलंत का? अकोल्यात पारा ४५ वर गेला की जे काका-काकू दुपारी खिडकीचा पडदासुद्धा सरकवत नाहीत, खिशात कांदा असल्याशिवाय गल्ली ओलांडत नाहीत, ते यंदा कॅलिफोर्नियाला लेकीकडे गेले आणि ऐन जुलैत डेथ व्हॅली बघून आले. मृत्यूची दरी! नावातच सांगून ठेवलंय हो सगळं.

बरं, हिवाळ्यात जावं. पण नाही, फॅशन भर उन्हाळ्याचीच. तिथल्या फर्नेस क्रीकला, म्हणजे भट्टीच्या ओढ्याला, १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. तोच जगाचा उच्चांक मानतात. आता तो मोडेल तेव्हा आपण हजर असावं, अशी जो तो आस लावून! व्हिजिटर सेंटरसमोर आकडे दाखवणारा मोठा फलक आहे, त्याला खेटून फोटो काढायचे. कोणी तर केसाळ कोट चढवून उभे राहतात म्हणे. आमचं जोडपं सत्यनारायणाला बसल्यासारखं आकड्याच्या दोन बाजूंना. आकडा फॅरनहाइटमधला, १२१. इकडे ग्रुपवर आत्याबाईंनी लगेच विचारलं, "ताप कोणाला आलाय?"

आणि अंडी! २०१३ साली तिथल्याच एका कर्मचारिणीनं उन्हात तव्यावर, वर झाकण ठेवून अंडं शिजवल्याचा व्हिडिओ निघाला. झालं. पर्यटकांनी तवा-झाकण वगळलं आणि थेट पार्किंगमध्ये अंडी फोडली. शेवटी उद्यानवाल्यांना विनवावं लागलं, बाबांनो, निदान तवा तरी आणा. घरी ओट्यावर थेंब सांडला तर आकाशपाताळ एक करणारी माणसं ही!

पुढे ग्रँड कॅनियन. तिथल्या सुळक्यांना विष्णू मंदिर, ब्रह्मा मंदिर, शिव मंदिर अशी नावं आहेत. १८८० च्या दशकात क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञानं ही पौर्वात्य नावांची टूम काढली. तळाचा पावणेदोन अब्ज वर्षांचा खडकही 'विष्णू'च. काकूंनी कठड्याशी सँडल काढून हात जोडले. फरशी तापलेली, त्यामुळे दर्शन झटपट आटोपलं.

खरी भानगड पुढे आहे. ॲरिझोनातलं पेट्रिफाइड फॉरेस्ट. वीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वी गाळात गाडले गेलेले ओंडके, लाकडाच्या जागी गार भरून दगड झालेले. लाल, पिवळे, जांभळे. तुकडा उचलायला सक्त मनाई, तरी लोक खिशात घालतात! मग कोणाची नोकरी जाते, कोणाचं लग्न मोडतं, आणि टपालानं दगड परत येतात, सोबत माफीनामे. 'घ्या बाई तुमची साडेसाती.' पण तुकडा नेमका कुठला ते ठाऊक नसल्यानं जागेवर ठेवता येत नाही. त्यांचा वेगळा ढीग केलाय, त्याला म्हणतात सदसद्विवेकाचा ढीग.

हे काकूंनीच रंगवून सांगितलं हो. मी ऐकत होते आणि शोकेसमध्ये गणपतीशेजारी पाहत होते. तांबूस, चकचकीत, सुपारीएवढा.

"हे काय?" म्हटलं.

काका आतल्या खोलीत गेले. गुडघा धरून.