दादा, जरा उडवा की!

इंदापूर तालुक्याला समुद्र नाही, याचं आता कुणी वाईट वाटून घेऊ नये. 1980 साली भीमेवर उजनी धरण पुरं झालं, शेतं-गावं पाण्याखाली गेली आणि त्याच पाण्याच्या काठी भिगवण, डिकसळ, कुंभारगावात पुढे पर्यटन उगवलं. मासे धरणारी पोरं पक्ष्यांची नावं शिकली, होडीतून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दाखवू लागली. जबाबदार पर्यटन म्हणतात ते हेच.

फक्त जबाबदारी सगळी नावाड्याची. पाहुणा पुण्याहून पहाटे निघतो, हातभर लेन्स बाहेर काढतो आणि चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या थव्याकडे बघत म्हणतो, “दादा, जरा उडवा की! पंखाखालचा गुलाबी हवाय.”

“जेवतायत साहेब ते.”

साहेबांना पटतं. मग ते जास्तीची नोट काढतात.

डायव्हिंगचीही सोय आहे, पण ती पाणकावळ्यांना. माणसाने सूर मारण्याआधी पुण्याच्या मुळा-मुठेतून इथवर काय काय येतं ते आठवावं. निसर्गाच्या कुशीत शिरायला आपण शंभरेक किलोमीटर गाडी हाकतो. आपलं सांडपाणी आधीच मुक्कामाला पोचलेलं असतं.

राहता राहिलं लाइफ जॅकेट. त्यात पोट सुटलेलं दिसतं, म्हणून ते मांडीखाली. 21 मे 2024 रोजी याच जलाशयात कुगाव-कळाशी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि 6 जण गेले. ती सहलीची बोट नव्हती, रोज ये-जा करणाऱ्यांची होती. रोहित उडोत न उडोत, जॅकेट तेवढं अंगात घाला.