गोडघाशांची वाईन

गोड वाईन आवडते असं चारचौघांत सांगायला हल्ली छाती लागते. व्हिस्कीवाले कीव करतात आणि वाईनवाले त्याहून वाईट. ते समजून घेतात. पुण्यात निदान एखादा समदुःखी भेटतो. मी राहतो चंदीगडला. इथून पतियाळा दीड-दोन तासांवर, आणि तिथला प्रसिद्ध पेग ग्लासाला आडवी बोटं लावून तर्जनीपासून करंगळीपर्यंत मोजतात. अशा मुलखात जेवणानंतर इवल्याशा ग्लासातून गोड वाईन पिणारा इसम म्हणजे आखाड्यात मोगऱ्याचा गजरा माळून उतरलेला पैलवान.

दिवाळीच्या फराळाला शेजारचे निवृत्त कर्नलसाहेब सपत्नीक येणार होते. बायको म्हणाली, "अहो, या वेळी चहाऐवजी ती जेवणानंतरची गोड वाईन ठेवू या. पण आपल्याकडची आणा." आपल्याकडची म्हणजे नाशिकची. तिचं माहेर नाशिक, त्यामुळे जगात इतरत्रही द्राक्षं पिकतात ही अफवा आहे असं ती धरून चालते.

इथे दारूच्या दुकानाला ठेका म्हणतात. ठेक्यावरच्या पोराने विचारलं, "सरजी, मीठी? भाभीजी के लिए?" मी म्हटलं, "मेरे लिए." तो एकदम गंभीर झाला. आतून एक बाटली आणली, फडक्याने पुसली, वरची टक्केवारी वाचली आणि म्हणाला, "इतना तो सरजी हमारी कांजी में हो जाता है." काळ्या गाजराच्या कांजीवर हा धादांत खोटा आरोप होता, पण मी वाद घातला नाही. माझं लक्ष फडक्यावर होतं. ते काळंकुट्ट झालं होतं. मे-जूनमध्ये या शहरात पारा चाळिशीच्या वर जातो. तो उन्हाळा काचेच्या कपाटात उभ्याने काढलेली वाईन कितीही नामांकित असली तरी घेऊ नये. टक्केवारी नंतर वाचा, आधी धूळ वाचा.

नाशिकची म्हणाल तर सुलाची 'लेट हार्वेस्ट शेनँ ब्लाँ' आहे. द्राक्षं नेहमीच्या तोडणीला न तोडता वेलीवरच आणखी राहू देतात; ती सुरकुततात, पाणी उडतं, साखर दाटते. यीस्टला ती सगळी संपवू देत नाहीत, म्हणून गोडवा उरतो. मुळात शेनँ ब्लाँ आंबटसर जातीचं द्राक्ष, त्यामुळे गोडवा जिभेवर पाकासारखा बसून राहत नाही. बाटलीही अर्धी, 375 मिलीलिटरची. 'सुला' हे नाव राजीव सामंतांनी आईच्या, सुलभाताईंच्या नावावरून ठेवलं. मराठी मुलाने आईचं नाव दारूच्या बाटलीवर घालावं आणि त्यावर घरात रामायण होऊ नये, ही मला त्या वाईनहूनही मोठी कामगिरी वाटते.

दुसरी गोव्याची पोर्ट. पोर्तुगीज 1961 साली गेले, पोर्ट राहिली. खऱ्या पोर्टमध्ये आंबवण अर्ध्यावर असताना द्राक्षाचा मद्यार्क ओततात. यीस्ट मरतं, साखर वाचते आणि अल्कोहोल 19-20 टक्क्यांवर जातं. ही वाईन पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली. त्या खोऱ्याची हद्द 1756 सालीच आखून दिलेली. आपल्याकडच्या कित्येक 'पोर्ट' मात्र 13-14 टक्क्यांच्या, नुसत्याच गोड केलेल्या असतात. वाईट नसतात. फक्त पाहुण्यांपुढे दोरू खोऱ्याच्या गप्पा मारण्याआधी लेबल बघून घ्यावं.

शेवटी मी घेतली ती हिमाचलची आलुबुखाराची. ज्या गावात राहतो तिथली 'आपल्याकडची' हीच, असा युक्तिवाद मी बायकोसाठी वाटेत तयार ठेवला होता. इथून तासाभरात हिमाचलचा चढ लागतो आणि वर सोलन, सिरमौर, कुल्लूकडे सांता रोझा जातीचे आलुबुखार लगडतात. फळ इतकं आंबट की साखर घातल्याशिवाय त्याची वाईन धड होत नाही. म्हणजे गोडवा आणि आंबटपणा दोन्ही आयतेच.

कर्नलसाहेबांनी पहिला घोट सभ्यपणे घेतला. मग करंजी खाल्ली, दुसरा घोट घेतला आणि चेहरा आंबट केला. यात दोष वाईनचा नव्हता. वाईन ताटातल्या गोडाहून अधिक गोड असावी लागते, नाहीतर ती नुसती आंबट लागते. आणि करंजी, श्रीखंड, पुरणपोळी यांच्याहून गोड वाईन सहसा सापडत नाही. बायकोने शांतपणे चकलीची बशी पुढे सरकवली. तिखटमीठ, तेल, खमंग भाजणी, त्यावर थंडगार आंबटगोड घोट. साहेबांनी ग्लास पुढे केला. पतियाळा मापाने.

इतक्यात दिवाळीला आलेल्या आत्याबाई स्वयंपाकघरातून आल्या आणि म्हणाल्या, "माझी बाटली कुणी हलवली?" आत्याबाई कट्टर निर्व्यसनी. रोज जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव तेवढ्याच पाण्यातून घेतात, बस. कर्नलसाहेबांनी बाटली हातात घेऊन वाचली: मनुका, धायटीची फुलं, लवंग, जायफळ, दालचिनी; स्वयंजनित अल्कोहोल 12 टक्क्यांपर्यंत. "आंटीजी," ते उभं राहून म्हणाले, "ये तो बाकायदा डेझर्ट वाईन है!" आत्याबाई म्हणाल्या, "औषध आहे हो ते." मी आत्याबाईंची बाजू घेतली. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात मद्यपानाचा जो परवाना मिळतो, तो आजही आरोग्य राखण्याच्या कारणासाठीच असतो. आत्याबाई परवान्याशिवाय तेच करतात.

चंदीगडात विकत घेणाऱ्याला 25 वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा भाच्यांना पाठवू नका, स्वतः जा. अर्धी बाटली घ्या, चांगली थंड करा, शेजारी चकली किंवा खारे काजू ठेवा आणि पुरणपोळी तुपाबरोबरच खा. आणि आमच्याकडे यायचं ठरलं तर येताना भाजणी तेवढी आणा. वाईनचं मी बघतो.