वायरीवर पोकळ गाठ बसवणाऱ्यास

तुमचं नाव मला ठाऊक नाही. अडॅप्टरवर ते छापलेलंच नव्हतं. होता तो बारा व्होल्टचा आकडा आणि त्याखाली दाटीवाटीने छापलेली प्रमाणचिन्हं, त्यातली निम्मी पुसट. म्हणून तुम्हाला तुमच्या कामावरूनच हाक मारतो: अहो, वायरीवर पोकळ गाठ बसवणारे! पत्राच्या वर नमस्कार लिहिलेला नाही. तो मनापासून निघत नाही.

मी ओवे गावचा. एका अंगाला खारघरचे टॉवर, दुसऱ्या अंगाला तळोजा. 17 नोव्हेंबर 2023 पासून बेलापूरहून पेंधरपर्यंत मेट्रो धावते, ते पेंधर आमच्या शेजारचं. शहर वेशीशी येऊन बसलं, तरी गावातला हरिनाम सप्ताह बसायचा थांबला नाही. त्या सप्ताहात मी मिक्सरवर असतो. पोटापाण्याचा धंदा वेगळा, पण मंडळाचे माईक, केबली आणि स्पीकर माझ्या ताब्यात.

तुम्ही काय केलंत ते सांगतो. आमच्याकडे एक म्हातारे बुवा होते, म्हणजे आहेत, पण आता गात नाहीत. घसा साथ देत नाही. त्यांनी शेवटची गवळण म्हटली ती रात्र मी रेकॉर्ड केली. बुवा चढ्या काळीवर गेले, पखवाज थांबला, एक श्वासभर मंडपात कुणी हललं नाही. घरी येऊन ऐकलं, तर त्या श्वासभराच्या शांततेत भुणभुण. सबंध गवळणीखाली तीच भुणभुण, माशी काचेवर आपटत राहावी तशी. संगणकावर ती खरवडून काढायचा प्रयत्न मी तीन रात्री केला. ती निघते, पण तिच्याबरोबर बुवांच्या आवाजातली धारही जाते. असं रेकॉर्डिंग पुन्हा होणार नाही.

आधी मी स्वतःलाच दोषी धरलं. केबल बदलली, जॅक नव्याने डाग देऊन जोडले, अर्थिंग तपासलं. काही फरक नाही. मग मंडपातली एलईडीची माळ बंद केली आणि भुणभुण गेली. लावली, आली. खात्रीसाठी खिशातला जुना रेडिओ काढला, मीडियम वेव्हवर आकाशवाणीची अस्मिता वाहिनी लावली, 558 किलोहर्ट्झ, आणि रेडिओ धरून मंडपभर फिरलो. खांबाखांबावर माळेला वीज पुरवणारे तुमचे अडॅप्टर लटकत होते. प्रत्येकाजवळ गेलं की निवेदिकेचा आवाज बुडायचा, दोन पावलं मागे आलं की परत यायचा. चोर असा सापडला.

तुम्हाला हे सगळं माहीत आहे, तरी वाचणाऱ्यांसाठी लिहितो. तुमचा अडॅप्टर 230 व्होल्टचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो. त्यात गैर काही नाही, त्यामुळेच तो हलका आणि स्वस्त होतो. पण त्या तोडजोडीचा गोंगाट फार वरच्या वारंवारतांपर्यंत पसरतो आणि वायरींतून बाहेर पडतो. मिक्सरपासून रेकॉर्डरपर्यंत माझी पाच मीटरची साधी केबल तुमच्या माळेला समांतर गेली होती. ती त्या गोंगाटाची अँटेना झाली. इतक्या वरचा आवाज कानाला ऐकू येत नाही हे खरं. पण तो विजेच्या लाटेबरोबर सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होत असतो, आणि रेकॉर्डरच्या तोंडाशी असलेला ट्रान्झिस्टर नेमका तेवढा चढउतार वेगळा काढून पुढे पाठवतो. तीच भुणभुण.

यावरचा उपाय नवा नाही. 1930 मध्ये टोकियोत योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनी फेराइट शोधलं, आणि 1935 मध्ये त्याच्या उत्पादनासाठी कंपनीही निघाली, तीच आजची टीडीके. फेराइट म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये दुसऱ्या धातूंची ऑक्साइडं मिसळून भट्टीत भाजलेली काळी, ठिसूळ चीज, गंजाचीच भाऊबंद. तिचं नळकांडं वायरीवर चढवलं की गाण्याचा प्रवाह एका तारेतून जातो, दुसरीतून परततो, दोघांचं चुंबकत्व एकमेकांना खोडतं आणि फेराइटला त्याची दादही लागत नाही. गोंगाट मात्र दोन्ही तारांतून एकाच दिशेने धावतो. त्याला फेराइट अडवतं आणि त्याची उष्णता करून टाकतं. गाण्याला धक्का न लावता फक्त उपरा आवाज वेचून काढणारी इतकी साधी वस्तू मी दुसरी पाहिली नाही, आणि म्हणूनच तुमचा राग जास्त येतो.

कारण तुमच्या अडॅप्टरच्या वायरीवर तशा नळकांड्याची दिसणारी काळी गाठ होती! ती पाहूनच डेकोरेशनवाल्याने माल चांगला समजून घेतला होता. मी गाठीला चुंबक टेकवला. फेराइट असतं तर तो चिकटला असता. तो घसरून खाली पडला. मग गाठ करवतीने उभी कापली. आत नुसतं प्लास्टिक, आणि त्यातून सरळ गेलेली वायर. अडॅप्टरही उघडला (बाकीच्यांनी हे करू नये, प्लग काढला तरी आतला कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्ट धरून बसलेला असू शकतो). बोर्डावर फिल्टरच्या कॉइलची जागा आखलेली होती, शेजारी एल-वन असं छापलेलंही होतं. त्या जागी तुम्ही तारेचा तुकडा डागून ठेवला होता.

म्हणजे तुम्ही अडाणी नाही. नकाशा काढणाऱ्याला कॉइल कुठे हवी ते कळत होतं. गाठीचा साचा करणाऱ्याला गाठ कशी दिसते ते कळत होतं. साचा करायला पैसे घातलेत, त्यात प्लास्टिक ओतलंत, आणि काही रुपयांचं फेराइट वाचवलंत. निव्वळ कंजूस माणसाने गाठच बसवली नसती. तुम्ही गाठ बसवलीत, म्हणजे तुम्ही फसवलंत.

आणि नेमका हाच भाग का वगळता, तेही मला कळतं. फिल्टर काढला तरी तुमच्या गिऱ्हाइकाचा दिवा तसाच लागतो. त्याला काही कमी पडत नाही, तो तक्रार घेऊन येत नाही. त्रास शेजारच्याला होतो: त्याच्या रेडिओला, त्याच्या माइकला, बुवांच्या गवळणीला. दिवा घेणाऱ्याच्या कामाचं ते सगळं तुम्ही ठेवलंत. शेजारधर्मासाठी होतं तेवढंच उपटलंत. उपकरणं किती विद्युतचुंबकीय गोंगाट करतात हे मोजण्याची विद्या असलेल्या ‘समीर’ या सरकारी संस्थेचं केंद्र आमच्या खारघरातच आहे. तुमचा माल तिथे न्यायची हिंमत तुम्हाला झाली नसती.

शेवटी खर्च मीच केला. लॅमिंग्टन रोडवरून दोन फाकींची, मिटून बसणारी फेराइटं आणली. केबलीचे तीन वेढे घेतले, कारण वेढे तिप्पट झाले की अडवण्याची ताकद साधारण नऊपट होते. रेकॉर्डरच्या अगदी तोंडाशी बसवली, फाकी घट्ट मिटल्या, कारण मध्ये केसभर फट राहिली तरी निम्मं काम वाया. भुणभुण जवळजवळ गेली. उरली ती पन्नास हर्ट्झची हलकी घरघर. ती अर्थिंगच्या फेऱ्यातली असते, फेराइट तिला हात लावू शकत नाही, आणि ती तुमच्या माथी मारण्याइतका मी अन्यायी नाही. त्यासाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावला. पण घाण तुमच्या घरातली आणि पडदे आम्ही आमच्या खिडक्यांना लावायचे, हा कुठला न्याय?

मंडळाच्या पेटीशेजारी आता एक चुंबक ठेवला आहे. डेकोरेशनवाल्याचा टेम्पो आला की पोरं आधी तो घेऊन धावतात. मागच्या खेपेला सात अडॅप्टर आले. गाठ सातही वायरींवर होती, चुंबक तीनच गाठींना चिकटला. उरलेले चार आम्ही मंडपात चढू दिले नाहीत. उजेड थोडा कमी पडला, तेवढ्यात हरिपाठ झाला.